मुरुगेसन आत येत नाही

डिसेंबर संपला तेव्हा आम्ही तळाला होतो.
अकरा सामने, चार गुण,
आणि त्यातला एक तर
समोरच्या गोलकीपरला ताप होता म्हणून.

बालेवाडीच्या स्टँडमध्ये मोजून एकतीस माणसं.
मोजायचं काम माझ्याकडे.
दुसरं मोजण्यासारखं काही नव्हतं.
बाकी नुसत्या खुर्च्या,
आणि त्यांवर वारा,
फुकट पास मिळाल्यासारखा ऐसपैस.

खडकीहून दोन बस बदलून जायचो.
परतताना कोणी बोलायचं नाही.
फक्त ग्रेगरी अंकल, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
खिडकीला डोकं टेकून म्हणायचे,
"लेथवर एखादा दिवस असा येतो,
हात लावाल ते वाकडं निघतं.
मशीन बंद करायचं, चहा प्यायचा."
"अकरा दिवस, अंकल?" तरन्नुम विचारायची.
"मग मोठा चहा."

जानेवारीत एका शनिवारी
मुरुगेसनच्या बायकोचं डायलिसिस लांबलं.
त्याची खुर्ची पहिल्यांदा रिकामी,
आणि त्याच दिवशी गोव्याचा संघ,
टेबलात पहिला,
आमच्याकडून दोन गोल खाऊन गेला.

पुढच्या सामन्याला तो आला. शून्य-तीन.
त्याच्या पुढच्या वेळी आला नाही. जिंकलो.
त्यानंतर त्यानं कुणालाच काही विचारलं नाही.

पेपरात लिहून आलंय की नवा कोच,
बचावात पाच जण,
डाव्या बगलेला नागालँडचा इम्ती,
मधे चाकणचा ऋत्विक कड, जो पळतो कमी
आणि ओरडतो जास्त.
असेल. आम्ही नाही म्हणत नाही.
पण पेपरवाले चार नंबरच्या गेटबाहेर
दुचाकींच्या पार्किंगमध्ये कधी गेलेत?

तिथं तो स्कूटरवर बसून असतो.
मैदानाकडं पाठ.
मोबाइल बंद, कारण बघणं म्हणजे आत येणंच, असा त्याचा नियम.
"आपला गोल झाला की आवाज खालून वर जातो," म्हणाला,
"त्यांचा झाला की वरून खाली पडतो.
ऑफसाइड असेल तर
मधेच लटकून राहतो."

फेब्रुवारीत लोक यायला लागले.
आधी दोनशे, मग हजार, मग मी मोजणं सोडलं.
ढोल आले, गालावर रंग आले,
वडापाव पाच रुपयांनी चढला.
माझ्या नेहमीच्या खुर्चीवर एक पोरगा बसलेला,
सरकून जागा देत म्हणाला,
"काकू, तुम्ही नवीन का?"

हो म्हणाले. काय सांगणार?
खरं सांगते, त्या रात्री बसमध्ये
मला त्या रिकाम्या खुर्च्यांची आठवण आली,
आणि लाज वाटली,
आणि तरी आली.

शेवटचा सामना. बरोबरी पुरे होती.
सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एक गोलनं मागे.
तरन्नुमनं माझ्या शालीचं टोक चावून ओलं केलेलं.
मग कॉर्नर, गर्दी, कुणाचा तरी गुडघा,
आणि इम्ती.

पुढचं मला दिसलं नाही.
ग्रेगरी अंकल माझ्या पुढ्यात उभे राहिले होते,
ज्यांना एरवी जिना चढायला दोन माणसं लागतात.

नववे आलो. बारांत.
नवव्याला चषक नसतो.
खालच्या डिव्हिजनमध्ये जावं लागत नाही, एवढंच.
आणि चितळ्यांकडे नाही,
बाजारातल्या साध्या दुकानातले अर्धा किलो पेढे.

आम्ही एकतीस वजा एक
चार नंबरच्या गेटबाहेर धावत गेलो
आणि सगळे एकदम बोलायला लागलो.
त्यानं हात वर केला.
"हिला बोलू दे. ही मोजून सांगते."

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगताना त्यानं मधेच विचारलं,
"उजव्या पायानं?"
"डाव्या."
"डाव्या?"
"डाव्या. आतल्या बाजूनं. हळूच."

पेढा त्यानं रुमालात बांधला, बायकोसाठी,
मग आठवलं तिला चालत नाही,
मग तरी बांधला.
उद्या सकाळी सातला हॉस्पिटल.

स्कूटर सरळ केली,
डावा पाय मागे घेतला,
आणि आतल्या बाजूनं, हळूच,
स्टँड मारलं.