ग्रिलचं डिझाइन

हिंगणा रोडवर बाबांचं वेल्डिंगचं दुकान.
मागच्या खोलीत, कूलरच्या तोंडाशी, माझा लॅपटॉप.
खिडकी आधी स्क्रीनवर दाखवू,
लोखंड नंतर कापू, हे मीच ठरवलेलं.

कॅनव्हास सहाशे बाय चारशे.
शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात
आणि वाय वाढतो तो खाली.
"विहीर खणल्यावानी," बाबा म्हणाले.
त्यांचं शून्य फरशीवर असतं,
गुण्या टेकतो तिथं.

चौकोन एका ओळीत निघाले.
मानेवाड्याच्या ठवकरबाईंना मात्र वर कमान हवी.
मी लिहिलं एकशे ऐंशी, आलं आख्खं वर्तुळ;
इथं अंश चालत नाहीत, पाय लागतो.
पाय लिहिला तर कमानीची वाटी झाली.
"काहून बाप्पा, पाणी भरतं का त्यात?"
हसत ते बाहेर गेले,
दहा एमएमची सळी जुन्या ड्रमभोवती
एका दमात वाकवून घेऊन आले.
तोवर मी शेवटी एक 'ट्रू' जोडला होता.
कमान वर वळली. सळी टेबलावर,
उन्हानं अजून चटके देणारी.

मग त्रिकोण.
रंग भरला तेव्हा पुरा वाटला,
नुसत्या जाड रेघेत काढला
तर वरच्या टोकाला खाच.
बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
काजळीचं बोट काचेवर टेकवलं:
"इथं टाका राह्यला."

क्लोजपाथ लिहिला, खाच बुजली.
बोटाचा डाग तेवढा आहे,
एक्स तीनशे, वाय नव्वदच्या जरा खाली.
पान रिफ्रेश करून जात नाही.