तूट

पेट्रोल पंप होता तिथं आता नुसती खडी,
खडीत ताटलीएवढी सात लोखंडी झाकणं,
प्रत्येकाखाली एक विहीर, मूठही जाणार नाही इतकी अरुंद.
दर तीन महिन्यांनी मी येते, सस्काटूनहून एकशे चाळीस किलोमीटर.
आज उणे अकरा. चौथीचा बोल्ट गोठलाय.
थर्मासमधला चहा ओतते त्याच्यावर, तेव्हा कुठं पाना फिरतो.

फीत खाली सोडायची.
पाण्याला टेकली की टिकटिकते,
तेलाला टेकली की सलग ओरडते.
आज ओरडली नाही. तीन मीटर बेचाळीस. लिहिलं.
मग पंप, अगदी हळू,
पाण्याला कळूही नये कुणी उपसतंय.
तापमान, आम्लता, ऑक्सिजन,
तीनदा तेच आकडे आले की समजायचं
आता खरं बोलतंय.

तोवर आर्व्हिड टॉफ्ते येतो, सोबत त्याच्याइतकाच थकलेला कुत्रा.
‘किती?’ विचारतो.
बेंझीनचे मायक्रोग्रॅम नको असतात त्याला.
त्याला लिटर हवेत.

सोळाचा होता तो, इथं नळी धरून उभा.
ओरेस्ट वोलोशिन रोज रात्री टाकीत काठी बुडवायचा,
ओली रेघ वाचायचा, वहीत मांडायचा:
विकलं इतकं, उरलं इतकं, तूट नऊ लिटर.
तूट अकरा. तूट नऊ.
डोळ्यात तेल घालून राखण केली त्यानं,
आणि केली ती पोराची.
कुठंतरी पाणी मुरतंय हे बरोबर ओळखलं होतं,
फक्त पायाखाली बघायचं सुचलं नाही.
एका शनिवारी, चार ट्रक रांगेत असताना,
आर्व्हिडचे खिसे उलटे करायला लावले.
गोफणीचं रबर, अर्धा डॉलर, च्युइंगमचा कागद.
नऊ लिटर खिशात मावतात का
हे रांगेतल्या एकानंही विचारलं नाही.

नंतर धान्याच्या कोठारावर त्याला काम नाही,
हॉकीच्या संघात जागा नाही.
ओरेस्ट मरेपर्यंत त्याला पाण्यात पाहत राहिला.
टाक्या उपसल्या त्यानंतर दोन वर्षांनी,
तिसरीच्या बुडाला भोक, पेन्सिल जाईल एवढं.
ओरेस्ट चर्चमागे, भूजलाच्या चढाकडे पुरलाय,
त्याच्यापर्यंत काही पोचत नाही.
उताराला राहते त्याची बायको स्तेफा.
सहावी विहीर तिच्या बीटच्या वाफ्यात.

मागच्या खेपेला पावाच्या पिशवीत गुंडाळून
तिनं ती वही माझ्याकडे दिली.
‘मला नाही जमायचं त्याच्या दारात जाणं.’
मोटेलमध्ये रात्रभर बेरीज केली,
तेरा हजार सातशे लिटर.
पण झोप उडाली ती बेरजेनं नाही.
आर्व्हिडला हाकललं त्याच्या दुसऱ्या दिवशीही तूट नऊ.
पुढच्या आठवड्यात अकरा.
आकडे तसेच, अक्षर मात्र बारीक होत गेलेलं,
शेवटी शेवटी भिंग लागावं इतकं.

आज बाटल्या भरते. काठोकाठ, झाकण, उलटी,
बुडबुडा दिसला तर पुन्हा.
एक बाटली मात्र उघडायचीच नाही,
ती बर्फात बसून सगळा प्रवास करते
आणि तिच्यात काही सापडलं तर तो तिचा दोष नसतो.

मग ताब्याचा फॉर्म काढते,
कुणाच्या हातून कुणाच्या हाती, तारीख, वेळ.
बाटल्यांच्या खालच्या ओळीत लिहिते: वही, एक.
देणारी: लोर्ना डेझार्ले.
घेणारा:
आर्व्हिड ओळ वाचतो, पुन्हा वाचतो.
पेन गोठलेलं. तो ते तोंडात धरतो, ऊब देतो,
आणि शाळेत शिकवलेली लांबलचक सही करतो.
वही उघडत नाही. कोटाच्या आत सरकवतो,
उजव्या खिशात, तो खोल आहे.

बराच वेळ रस्त्यापलीकडं बघत राहतो.
‘बीट लावते का अजून ती?’
नाही, मी म्हणते, आता नुसती फुलं.

कुत्रा सातव्या झाकणावर पाय वर करून उभा होता.
सातवी राहिलीच होती.