एक की दोन

दिवसभर मी लोकांना एकच विचारतो:
हे बरं दिसतं, की हे?
एक, की दोन?
केंडलची म्हातारी माणसं यंत्रावर हनुवटी टेकवून
अपराध्यासारखी म्हणतात, सारखंच वाटतंय हो.

साडेपाचला दारावरची पाटी उलटी केली
की मागच्या खोलीत मीच गिऱ्हाईक.
शाळेनं मोडीत काढलेला मायक्रोस्कोप, अठरा पौंडांचा,
बारीक फिरवायचा स्क्रू मधेच अडतो.

आज काचपट्ट्या दोन.
पहिली आमच्याच टाकीतली, बाहेर बाकाजवळच्या:
वाळूवर धरलेली निळसर हिरवी साय.
चिमट्यानं उचलली तर अख्खी निघून येते,
परवा पुन्हा तितकीच.
गप्पींना तिचं सोयरसुतक नाही.
दुसरी, विनिफ्रेड पॉसलथ्वेटबाईंनी
मार्मलेडच्या बरणीतून आणलेलं तळ्याचं पाणी.
"कुणी रंग सांडलाय का बघ.
कौन्सिलनं बोर्ड लावलाय, पण मला तो वाचता कुठे येतो."
बाईंच्या नजरेचा मध्य गेलाय.
कडा तेवढ्या उरल्यात.

चारशेपट.
सायीतले धागे डुलतायत.
पाय नाही, शेपूट नाही, वल्हं नाही,
तरी सरकतात,
उठल्या उठल्या चष्मा चाचपणाऱ्या बोटांसारखे.
तळ्यात माळा. मणी, मणी, मणी, मणी,
मग एक फुगीर, जाड सालीचा, फिकट.
यानं उजेडावर जेवण रांधणं सोडलंय.
पाण्यात विरलेला नायट्रोजन पकडतो, शेजाऱ्यांना वाटतो
आणि स्वतः एकाचा दोन होत नाही, कधीच.
मेरुमणी म्हणावं, तर एका माळेत तीन तीन.

बाईंना फोन लावला.
रंग नाही, जिवंत आहे. टिलीला पाण्यात सोडू नका.
"दिसतं कसं?"
माळेसारखं. पण मण्यांच्या आत केंद्रक नाही,
म्हणजे, मधलं असं काही नाहीच.
"अन् तरी चाललंय त्यांचं?"
दोन अब्जांहून जास्त वर्षं, म्हणालो.
आपण श्वास घेतो ती हवासुद्धा त्यांच्याच पूर्वजांची करणी.
पलीकडे किटली शिट्टी घालू लागली.
"बरणी परत दे हं," म्हणाल्या.

पुन्हा डोळा लावला.
सायीतल्या एका धाग्यात मधलीच एक पेशी मेलेली,
काचेच्या चकतीसारखी रिकामी.
तिथंच तो तुटला. बघता बघता
दोन्ही तुकडे दोन दिशांना, निवांत.

एक, की दोन?

मला सांगता येईना.
पट्टीच्या कडेनं पाणी सुकत आलंय.
ड्रॉपर कुठे ठेवला मी.