मागचा आस

आयटीआयच्या वर्कशॉपात एक कापलेला डिफरन्शियल आहे,
दाते लाल, निळे, पिवळे रंगवलेले.
अठरा वर्षं मी तो हाताने फिरवून दाखवते :
वळणावर बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी,
आणि हा मधला दोघांचं ऐकून घेतो.
दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं,
मॅडम, म्हणजे हवेतल्या चाकाला सगळा जोर जातो.
चूक. लिहून घ्या.
जोर दोघांना सारखाच मिळतो.
फक्त हवेतल्याला जेवढा पेलतो, तेवढाच.

हे पाठ असलेली मी
ऑगस्टातल्या एका रविवारी, निव्वळ हौसेपायी,
अडवली-भुतवलीच्या वरच्या वाटेवर अडकले.
मागचं डावं चाक अधांतरी गरगरतंय,
पुढचं उजवंही तसंच,
उरलेली दोन दगडावर घट्ट,
जागची हलत नाहीत.
डिझेल जळतंय. एक म्हैस बघतेय.
शेवटी चार पोरांनी ढकललं. त्यातल्या एकाने विचारलं,
फोर बाय फोर ना ही?

पावण्याच्या एमआयडीसीत, हाय-टेन्शनच्या तारांखाली
हसुरामचं गॅरेज.
दोन हजार नऊची बॅच, तोंडी परीक्षेत दोनदा नापास.
जीपखालून फक्त त्याचे पाय बोलले :
"मॅडम, मना पयलं सांगा, गारी रोजची का रविवारची?"
रोजची. घणसोली ते ठाणे, कळव्याच्या कोंडीतून, सहा दिवस.
शिवाय सोसायटीच्या तळघराचा रॅम्प,
जिथे तीनदा मागेपुढे केल्याशिवाय वळता येत नाही.
शिवाय आबा. खुबा बदललेला.
धक्का बसला की बोलत नाहीत, खिडकीबाहेर बघतात.

वेल्डिंग मारू, म्हणाला, दोन तासांचं काम,
आणि स्वतःच मान हलवली.
प्रत्येक वळणावर टायर खरडणार,
एक दिवस पामबीचवर आस मोडणार.

ऑटोमॅटिक त्याच्या स्वतःच्या गाडीत आहे.
स्वस्त, दणकट, कुणाला न विचारता जुळणारा.
चक्कर मारून आणली.
सिग्नलला वळताना खालून कट्, कट्, कट्,
कुणीतरी अंधारात दात मोजतंय असं,
आणि ओल्या सर्कलवर पाय उचलला
तशी शेपटी हातभर सरकली.
त्याला ते आवडतं.
मी वरचा दांडा धरून होते.

प्लेटांचा लिमिटेड स्लिप सभ्य, आवाज नाही काही,
पण चाक पूर्ण उचललं की तोही हात वर करतो.
"ब्रेकवर थोरा पाय ठेवा, मंग आयकंल."
थोडा म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना.
मला तरी कुठे शिकवता आलं असतं.

राहिला हवेचा.
बटण दाबलं तर लॉक, नाही तर जसा होता तसा.
किंमत ऐकून मी वर तारांकडे पाहिलं.
कंप्रेसर वेगळा, वायरिंग वेगळं,
"आनि नली उंदरानी खाल्ली तं मना बोलू नका."

आबांनी आकडा दोनदा विचारला.
मग म्हणाले, एवढ्यात माझा दुसरा खुबा होईल.
हसले नाहीत. मीही नाही.
पण चेकबुक त्यांनीच आणून दिलं.

बटणावर झाकण आहे, त्यांचा हात लागू नये म्हणून.
दिवाळीपासून दोनदा कामाला आला :
एकदा खाडीकडेला रुतलेला टेम्पो ओढताना,
एकदा त्याच वाटेवर, त्याच दगडापाशी.
म्हैस नव्हती. कुणी पाहिलंच नाही.

फक्त एक तारखेला, पोरं गेल्यावर,
आयटीआयच्या मातीच्या मैदानात मी बटण दाबते,
सील सुकू नये एवढ्यासाठी.
खालून एकदाच, टक्.
वीस पावलं सरळ जाते. वळत नाही.
मग हवा सोडते
आणि आबांना फिजिओकडून घ्यायला निघते.