जर आणि तर यांच्या मधली अकरा चित्रं

कागदाला खाली तीन भोकं, ती खिळ्यांवर बसवायची.
काचेखाली ट्यूबलाइट.
सोल, गुरो-दोंग, तिसरा मजला, नव्याण्णव सालचा फेब्रुवारी,
आणि नामगुंग इन-ओक, वय चौतीस,
एका रोबोचा हात दांड्याकडे नेते आहे.

महत्त्वाची चित्रं दोनच. ती वरिष्ठ काढतात.
पहिल्यात हात वर, शेवटच्यात दांडा खाली.
एकाला जर म्हणू, दुसऱ्याला तर.
मधली अकरा हिची.
अकराचे मिळून जे मिळतात
त्यात बसचं जायचं तिकीट येतं,
यायचं बाराव्या चित्रात असावं.

भाग विनोदी आहे, असं कानावर आलंय.
हसायचं नेमकं कुठे ते तक्त्यावर नसतं,
तिथे नुसते तोंडांचे आकडे:
तोंड तीन, तोंड पाच, तोंड बंद, पापणी.
हसतील समुद्रापलीकडे, सहा महिन्यांनी,
सोफ्यावर पाय वर घेऊन.

गोष्ट अशी, की शनीच्या कड्यावर एक लॉन्ड्री आहे.
मालकीण गोगलगाय, नोकर रोबो, उधारी फार.
मागच्या खोलीत एक जुनं वॉशिंग मशिन,
त्यात मळका जर टाकून दांडा ओढला
की पिळलेला तर बाहेर पडतो.

जर गुरुत्वाकर्षणानं सोमवारी दांडी मारली तर?
गिऱ्हाईकं छताला चिकटतात,
बिल तेवढं खाली पडतं.
जर रोबोला सर्दी झाली तर?
शिंकेगणिक एक स्क्रू,
चौथ्या शिंकेला अख्खा गुडघा.
जर मोजेच माणसांना धूत असते तर?
जोडप्यातला एक जण दर धुण्यात हरवतो,
उरलेला खणात पडून राहतो, टाकवत नाही म्हणून.
हा तिसरा इन-ओकला हवा होता.
तो पलीकडच्या टेबलाला गेला.

पलीकडे आता तीनच टेबलं चालू आहेत.
मागच्या हिवाळ्यात बाकीच्यांचे दिवे काढून नेले,
काचा तशाच आहेत. त्यांवर कुणी कुणी डबे ठेवतं.

सोक साहेब येतात, गठ्ठा बोटांत धरून फडफडवतात.
हात खाली येतो, वर जातो, पुन्हा खाली.
"सातवं जड झालंय," म्हणतात, आणि जातात.

जड म्हणजे काय, हे विचारायचं नसतं.

असल्या प्रश्नांची आपल्याकडे एका वाक्यात बोळवण होते:
आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.
संपलं. मशिनचा प्लग काढला.
इन-ओकला ही म्हण ठाऊक नाही.
तिच्या आत्याला मिशा होत्या.

गुन्सानच्या बंदरावर सुके मासे विकायची.
ओठावर बारीक काळी लव,
थंडीत तोंडाच्या वाफेचे थेंब तिच्यावर धरायचे.
पुतणीचा हात धरून शाळेत नाव घातलं तिनंच,
मुकादमाला शिव्या घातल्या तिनंच,
बापाच्या रकान्यात अंगठा उठवला.
आणि तरी काका कुणी म्हटलं नाही,
म्हणजे म्हण खोटीच की.
तिची एक खोड मात्र होती:
ग्राहक भाव करू लागला की मिशीवरून बोट फिरवायची,
उजवीकडून डावीकडे, सावकाश,
आणि समोरचा आपोआप पैसे काढायचा.

रात्री साडेदहा. नूडल्सच्या कपात तळाशी लाल पाणी.
इन-ओक सातवं खोडते, नवा कागद बसवते.
हात दांड्याच्या अर्ध्या वाटेवर. कोपर थोडं वाकलेलं.
आणि रोबोच्या पत्र्याच्या ओठावर
सहा बारीक केस.
सेकंदाच्या चोविसाव्या हिश्श्यापुरते. आठव्यात नाहीत.

सोक साहेब कोट घालूनच येतात.
फडफडवतात.
थांबतात.
पुन्हा फडफडवतात, या वेळी जरा हळू,
आणि अंगठ्यानं स्वतःचा वरचा ओठ खाजवतात.

"हं. आता हलकं झालं."

त्यांनी पाहिलं असेल तर?
त्या भागाचं कंत्राट अजून आलेलं नाही.
गठ्ठ्याला रबर लागतं, खोक्यात जातो,
पुढचा तक्ता समोर:
गोगलगाय, जवळून. तोंड बंद. पापणी.