आखडण्याची सूट

कोर्टासमोरच्या चिंचेखाली माझं टेबल.
टाइपरायटर निकामी, लॅपटॉप मेहुण्याचा,
भाषा तीन, दर एकच.

नागोजी कल्लाप्पा हलगेकर समोर बसले,
उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडाचे साचे करणारे.
तळहाताच्या रेषांत सागाची भुकटी,
धुऊनही न गेलेली.
"इमान लेट झालं," म्हणाले.
मी टाइप केलं, विमान.

सांबऱ्याहून हैदराबाद, दुपारी एक दहाचं.
मांडीवर पंपाच्या पंख्याचा साचा, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला,
चार वाजता तिकडं दाखवायचा होता.
तपासणीला पोलिसानं विचारलं, हे काय?
"अजून काय न्हाई," म्हणाले, "ह्याच्यावरनं व्हायचंय."

फलकावर एक दहाचे तीन झाले, तीनाचे पाच,
पाचाचं काहीच नाही, नुसता उशीर.
घोषणा कन्नडात, हिंदीत, इंग्रजीत.
तिन्ही कळल्या त्यांना.
कारण एकीतही नव्हतं.
काउंटरवरची शिवलीला म्हणत राहिली, स्वल्प तडीरी.
थोडं थांबा.
हे वाक्य ह्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही.
आमचा एक दावा आहे दिल्लीत,
त्यात वकील म्हातारे झाले, नकाशे पिवळे पडले,
कुणी साधा चहासुद्धा विचारला नाही.

नागोजींना समोसा मिळाला.
दोन तास उलटले की खायला द्यावं लागतं,
त्यांना काय ठाऊक, ते पाकीट काढू लागले.
"राहू दे काका, हक्क आहे तुमचा,"
शिवलीला पहिल्यांदाच मराठीत बोलली.
मग इकडंतिकडं बघून, हळू,
सहा तासांवर गेलं तर तिकिटाचे सगळे पैसे मागा,
नाहीतर दुसरं विमान. लेखी मागा.
आणि माझं नाव घालू नका.

घातलं नाही.
तिचं नाव शिवलीला नाही.

सात चाळीसला विमान सुटलं, हे आत बसले.
"बसायचंच होतं की. त्याच्यासाठी तर आल्तो."
जो बसला त्याला पैसे परत नाहीत.
हैदराबादेत कारखान्याच्या फाटकावर फक्त राखणदार,
आणि काम कोइमतूरच्या कुणाला गेलेलं.

मग मागायचं नेमकं काय?
ते सांगत गेले, मी इंग्रजीत करत गेलो.
जीव टांगणीला लागला, ह्याची गैरसोय झाली.
तीन आठवडे रंधा मारला, ह्याचं सामान झालं.
राखणदारानं साचा हातात घेऊन, बोट फिरवून,
"कारीगर" म्हटलं,
हे कुठल्याच रकान्यात बसेना.

त्यांनी माझी पट्टी उचलली, नाक मुरडलं,
खिशातनं आपली काढली. पितळी, कडा झिजलेल्या.
दोन्ही शेजारी ठेवल्या.
त्यांचा फूट माझ्या फुटापेक्षा केसभर मोठा.
"ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतंय.
मापाबरहुकूम साचा केलासा, तर वस्तू बारकी येते.
म्हणून आधीच शंभराला एक धरायचं.
तुमचा अर्ज कितींदा थंड होतोय?"

मी बोटं मोजली.
कंपनीचा मेल. मग त्यांचा मोठा साहेब.
मग वरचं अपील. मग ग्राहक आयोग, तारखांसकट.
"चारदा," म्हणालो.
पाच हजार लिहिलं होतं, ते खोडलं.
नवा आकडा सांगत नाही,
अजून गरम आहे.

सही त्यांनी मराठीत केली, लपेटदार,
लाकडावर खूण करावी तशी, दाबून.
"निकाल कधी लागंल?"
माझ्या तोंडात एक कन्नड वाक्य आलं होतं.
गिळलं.

अर्जाचे दीडशे. त्यांनी दोनशेची नोट दिली,
माझ्याकडं सुटे नव्हते.
साचा काखेत मारून उठले, चिंचेचा पाला झटकला.
"असू द्या," म्हणाले, "आखडतील."