तीन आकडे

डॅशबोर्डवर, जिथे तस्बी लटकते तिच्याखाली,
तीन आकडे आहेत:
गिअरबॉक्स, मधली पेटी, मागचा डिफरन्शियल.
पहिल्या दोन वायरी मुदस्सरने शारजाहून पाठवल्या,
खजुराच्या डब्यात, पावतीसकट.
तिसरी
अब्बांच्या लाँचमधली.
बर्फाच्या कप्प्यात बसवलेली,
सुरमईला ऊब लागू नये म्हणून.
लाँच विकली तेव्हा घेणाऱ्याने इंजिन तपासलं, जाळी मोजली,
ही बोटभर वायर कुणाच्या हिशेबात आली नाही.

जन्मभर थंडी बघितलेली वायर
आता मागच्या चाकांमध्ये तेलात बुडून
उन्हाळा सांगते.
पहिल्या दिवशी तिचा तिलाच विश्वास बसला नसेल.

मी लाडघरच्या वाळूतून गाड्या ओढते.
पुण्याच्या, साताऱ्याच्या, एकदा तर पोलिसांची.
माझी गाडी चारही चाकांना जोर असलेली,
पण तिसऱ्या हाताची; उजवं दार आतून उघडत नाही.
लोक म्हणतात, फोर व्हील आहे, हिला काय अडणार?
अडतं.
कोरड्या वाळूत चाक फिरतं आणि गाडी हलत नाही
तेव्हा ती सगळी मेहनत जाते कुठे?
तेलात जाते.
तेल बोलत नाही. पातळ होत जातं.
नव्वद, एकशे चार, एकशे बारा,
आणि मग मागची चाकं
कुणाला न सांगता कामावरून निघून जातात.

परवा अमावास्येची भरती.
पांढरी गाडी, सायलेन्सरपर्यंत रुतलेली.
नवरा काच खाली करून ओरडत होता,
बायको चपला हातात घेऊन पाण्याकडे बघत होती.
दोनदा ओढली. वीतभर आली.
तिसऱ्यांदा दोर ताणला आणि तिसरा आकडा
एकशे एकवीस.
मी पाय काढला.

"अहो मॅडम, पाणी येतंय!"
येतंय. दिसतंय मला. मी इथलीच आहे.
"मग थांबलात कशाला?"
एकशे तेवीस.
"थांबूनसुद्धा वाढतोय! बिघडलंय तुमचं मशीन."

बिघडलं नव्हतं.
थांबल्यावर आकडा चढतो.
दातऱ्यांच्या पोटातली आग
तेलापर्यंत यायला वेळ घेते.
अब्बा गेल्यावर मी चाळीस दिवस
आल्यागेल्याला चहा दिला, बँकेत सह्या केल्या,
कौलं परतून घेतली.
आणि मग कुठल्याशा मंगळवारी
डिझेल भरताना पंपावरच्या पोराने विचारलं, फुल्ल करू?
मला उत्तरच देता येईना.
मागे रिक्षा हॉर्न वाजवत होती.

हे त्या माणसाला काय सांगणार.
म्हटलं, अकरा मिनिटं.
त्याने मोबाईलवर घड्याळ लावलं.

बायकोने चपला टपावर ठेवल्या
आणि माझ्याबरोबर चाकांखालची वाळू उपसायला बसली,
हातांनी. नखांना लाल रंग, वाळूही लालसर.
माडाच्या दोन झावळ्या आणून आम्ही चाकांपुढे टाकल्या.
लाट येऊन एक घेऊन गेली.
एकशे एकोणीस.
एकशे आठ.
तिने विचारलं, किती झाला?
सत्त्याण्णव, मी म्हटलं, आता बसा.

निघाली. धक्का न देता, हळू,
जशी झोपलेल्या पोराखालची चादर काढतात.
तोपर्यंत माझ्या मागच्या चाकांच्या बुडख्याशी पाणी होतं.
नवऱ्याने पैसे दिले, शंभर जास्तच,
अकरा मिनिटांबद्दल काही बोलला नाही.

घरी आले तरी गाडीत बसून राहिले.
सत्तर. पन्नास. एकेचाळीस.
अंगणातल्या हवेइतका आकडा व्हायला
रात्रीचे साडेअकरा वाजले.

खाऱ्या पाण्यात शिरल्यावर दुसऱ्या दिवशी
मागचा बोल्ट काढून बघायचा असतो:
पाणी आत गेलं असेल तर तेल दुधाळ होतं.
सकाळी गोणपाट टाकून गाडीखाली झोपले,
बोट घातलं, उजेडात आणलं.

काळं.
नुसतं काळं.